जुन्या फोटोतील कोळशाची मोटार कशी ओळखावी?



या पत्रिकेतून आपण नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा याविषयी वाचता. या खेपेला विषय थोडा निराळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला मोटारींशी काय देणे-घेणे, असे कोणाला वाटेल. पण विषय जळणाचा आहे, आणि तो शेवटी आपल्या पाचटापर्यंत येतो. म्हणून वाचून पाहावे ही विनंती.

ऊस नोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना सभासदांच्या घरी बसणे होते. ओसरीच्या भिंतीवर किंवा जुन्या पेटीत फोटो असतात. कोणी लग्नाच्या कपड्यात, कोणी यात्रेला निघालेले, तर काही मंडळी सर्व्हिस मोटारीपुढे रांगेने उभी. अशा फोटोत कधी मोटारीच्या मागे एक उंच पिंप दिसते, त्याला नळ जोडलेले असतात आणि टपावर पोती. घरातले तरुण विचारतात, "साहेब, हे काय असावे? पाण्याची टाकी का?" आजे-पणजे असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितले असते, "अरे, ती कोळशाची मोटार." पण १९४३ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. सांगणारी माणसे गेली की फोटो मुके होतात, आणि मुके फोटो दिवाळीच्या साफसफाईत उकिरड्यावर जातात. तेव्हा फोटो वाचायला आपणच शिकले पाहिजे.

कोळशाची मोटार आली कशी?

दुसरे महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले. विमाने, रणगाडे आणि लष्करी ट्रक यांना पेट्रोल प्रचंड लागू लागले. हिंदुस्थानात १९४१ साली पेट्रोलवर रेशन आले. पुढच्याच वर्षी जपानने ब्रह्मदेश घेतला. इरावती नदीच्या काठी येनानजाँग येथे तेलाच्या मोठ्या विहिरी होत्या. इंग्रजांनी माघार घेताना एप्रिल १९४२ मध्ये त्या स्वतःच उडवून दिल्या. आपल्याकडे येणारे ब्रह्मदेशचे तेल त्यामुळे बंद झाले. देशात आसामातील दिग्बोईसारख्या ठिकाणी तेल निघत होते, पण एवढ्या मोठ्या गरजेला ते कुठवर पुरणार?

त्या वेळी आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. एस.टी. जन्माला यायची होती. रस्त्यावरची उतारू वाहतूक मुख्यतः खाजगी मालकांच्या सर्व्हिस मोटारींवर चालायची. पेट्रोलची कुपने अपुरी पडू लागली, तशी देशभरच्या मोटारमालकांपुढे दोनच वाटा राहिल्या. गाडी ठोकळ्यावर चढवून ठेवायची, नाहीतर तिला दुसरे जळण द्यायचे. हे दुसरे जळण म्हणजे लाकडी कोळसा, ज्याला आपण लोणारी कोळसा म्हणतो.

ही युक्ती एकट्या आपल्या देशाची नव्हती. जॉर्जेस इम्बर्ट नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात लाकडापासून मोटारीपुरता गॅस करणारी भट्टी बसवली होती. युद्धात जर्मनी, स्वीडन, फ्रान्स येथे अशा गाड्या लाखांनी धावल्या. एकट्या जर्मनीत युद्धाच्या अखेरीस त्या सुमारे पाच लाख होत्या असे सांगतात. इंग्लंडमध्ये बसच्या मागे दोन चाकांचा छोटा गाडा जोडत आणि त्यावर भट्टी बसवत. आपल्या देशात मदुराईच्या टी.व्ही.एस. या मोटार कंपनीने स्वतःचा 'टी.व्ही.एस. गॅस प्लांट' तयार करून विकला. लोकांच्या तोंडी 'गॅस प्लांटची गाडी' किंवा 'कोळशाची मोटार' अशी नावे रुळली.

पिंपात चालते काय?

खुणा पाहण्याआधी काम समजून घ्यावे. काम समजले की प्रत्येक भाग कुठे असला पाहिजे हे आपोआप कळते.

ज्याने गुऱ्हाळाच्या चुलवणावर जाळ घातला आहे त्याला हे लवकर उमगेल. चुलवणात चिपाड एकदम कोंबले आणि वारा कमी पडला की धुराड्यातून दाट पिवळसर धूर निघतो. मध्येच त्या धुराला जाळ लागला की तो भपकन पेटतो. याचा अर्थ त्या धुरात जळण्याजोगे काहीतरी शिल्लक असते. कोळशाच्या मोटारीत हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात.

पिंपात कोळसा भरलेला असतो. खाली थोडा भाग पेटवतात आणि हवा मोजूनमापून आत घेतात. पेटलेल्या भागात उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. तिथे आधी कर्बवायू होतो. हा कर्बवायू शेजारच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना आणखी कोळसा स्वतःत ओढून घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साईड बनतो. हा वायू पेटतो. कोळशातील ओलीची वाफ निखाऱ्यावरून गेली की थोडा हायड्रोजनही निघतो, तोही पेटतो. बाकी निम्म्याहून जास्त भाग हवेतला नुसता नत्र वायू असतो. तो जळत नाही आणि कामालाही येत नाही. म्हणून हा गॅस पातळ, म्हणजे कमी जोराचा. पेट्रोलवरचे इंजिन या गॅसवर चालवले की त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी व्हायची. गाडी घाटाला लागली की उतारूंना खाली उतरून चालावे लागे, प्रसंगी ढकलावेही लागे, अशा आठवणी जुनी माणसे सांगत त्या यामुळेच.

हिशोब असा. एक लिटर पेट्रोलचे काम करायला दीड किलोच्या आसपास कोळसा किंवा सुमारे तीन किलो वाळलेले लाकूड लागे. लाकूड स्वस्त खरे, पण त्यातून डांबरासारखा चीक निघतो आणि इंजिनाच्या झडपा चिकटतात. कोळशातून तो चीक भट्टी लावतानाच निघून गेलेला असतो. म्हणून आपल्याकडे कोळशावर भर होता.

गॅसची वाट शोधा

आता मुख्य धडा. एका खुणेवरून कधीही निकाल देऊ नये. पिंप दिसले म्हणजे कोळशाची मोटार झाली असे नाही. गॅस जिथे तयार होतो तिथपासून इंजिनापर्यंत तो कोणत्या वाटेने गेला, ती वाट फोटोत बोटाने दाखवता आली पाहिजे. वाटेवर चार ठिकाणे लागतात. आपल्या उसाच्या पाटासारखेच आहे हे. विहीर दिसली, पण पाट दिसला नाही, तर ते पाणी या शेताचे आहे असे म्हणता येत नाही.

पहिले ठिकाण, भट्टीचे पिंप. हे पत्र्याचे उभे नळकांडे असते, साधारण माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंत उंच. बसच्या मागच्या कोपऱ्यात, मागच्या बाजूला लोखंडी चौकटीवर, किंवा ट्रकच्या ड्रायव्हरच्या मागे ते बसवत. वर कोळसा टाकायचे झाकण असते आणि ते घट्ट बसावे म्हणून आडवी पट्टी किंवा फिरकीचा स्क्रू असतो. खाली राख काढायचे छोटे दार असते. पत्रा उष्णतेने काळवंडलेला आणि रंग उडालेला दिसतो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. गाडी चालू असताना या पिंपाला धुराडे लागत नाही, कारण सगळा गॅस इंजिन ओढून घेते.

दुसरे ठिकाण, थंड करणारे नळ. भट्टीतून निघालेला गॅस फार गरम असतो आणि गरम गॅस पसरलेला असतो. तसाच इंजिनात घेतला तर सिलिंडरमध्ये मावतो कमी आणि ताकद आणखी घटते. म्हणून तो लांब नळांतून फिरवून थंड करतात. हे नळ फोटोत शिडीसारखे किंवा खिडकीच्या गजांसारखे एकाशेजारी एक दिसतात. कधी ते टपावर असतात, कधी गाडीच्या पोटाखाली, तर कधी समोर रेडिएटरच्या पुढे. रेडिएटरपुढे असे जाड आडवे नळ दिसले तर ती फार चांगली खूण आहे.

तिसरे ठिकाण, गाळणी. राख आणि कोळशाची भुकटी इंजिनात गेली तर सिलिंडर घासून निकामी होतो. म्हणून वाटेत एक दुसरे डबे असते, पहिल्या पिंपापेक्षा लहान आणि जास्त स्वच्छ. त्यात कापड, काथ्या, कोकचे तुकडे यांसारखे काहीतरी भरलेले असते. ते पुष्कळदा इंजिनाच्या जवळ, फूटबोर्डावर किंवा पुढच्या मडगार्डाशी दिसते. एक मोठे काळे पिंप आणि एक लहान डबा अशी जोडी दिसली की संशय पक्का होऊ लागतो.

चौथे ठिकाण, इंजिनाकडे जाणारा नळ. हा नळ मनगटापासून दंडाएवढा जाड असतो. गाडीच्या कडेने, खिडक्यांच्या खालून तो बॉनेटपर्यंत गेलेला दिसतो. पेट्रोलची नळी करंगळीएवढीही नसते, शिवाय ती बाहेरून दिसत नाही. सायलेन्सरचा पाईप जाड असतो, पण तो इंजिनाकडून मागे जातो आणि त्याचे टोक मोकळे असते. आपला नळ दोन्ही टोकांना जोडलेला असतो. नळ बॉनेटमध्ये शिरावा म्हणून बॉनेटचा पत्रा कापलेला असेल तर तेही पाहावे.

या चार ठिकाणांपैकी तीन दिसली आणि त्यांना जोडणारा नळ सापडला, तर गाडी कोळशाची म्हणायला हरकत नाही. दोनच दिसली तर फोटोच्या मागे 'बहुधा' असे लिहावे. एकच दिसले तर प्रश्नचिन्ह टाकावे.

पाठबळाच्या खुणा

काही खुणा एकट्याने निकाल देत नाहीत, पण साक्ष देतात.

१) हाताने फिरवायचा पंखा. भट्टी पेटवताना इंजिन बंद असते, मग हवा ओढणार कोण? त्यासाठी गोगलगाईच्या आकाराचा पंखा आणि त्याला दांडी असते. क्लीनर काही मिनिटे दांडी फिरवी, बाहेर काढलेल्या छोट्या नळीच्या तोंडाशी काडी लावून गॅस पेटतो का ते पाही, आणि मग ड्रायव्हर इंजिन सुरू करी. पंखा फिरवताना गॅस बाहेर सोडण्यासाठी एक आखूड नळी असते. कोणी तिलाच धुराडे समजतो.

२) टपावर किंवा पिंपाजवळ काळवंडलेली पोती. उतारूंचे सामान वळकट्या, ट्रंका आणि पेटाऱ्या असे नाना तऱ्हेचे असते. सगळी पोती एकसारखी आणि काळी असतील तर तो कोळसा समजावा.

३) लांब सळई, खोरे, राख टाकायची पाटी, पिंपाजवळ चढायची पायरी.

४) क्लीनरचे कपडे. ड्रायव्हर स्वच्छ, पण त्याच्या शेजारचा पोरगा कोपरापर्यंत काळा, असे दिसले तर त्याचे कारण तेच असते.

५) मागचे दार बंद करून पुढे घेतलेले, किंवा मागचा कोपरा कापलेला. मूळ सांगाडा असा नसतो, पिंपासाठी जागा केलेली असते.

फसवणाऱ्या वस्तू

फोटो पाहताना फसगत होण्याची ठिकाणेही सांगून ठेवतो.

डांबराची भट्टी. रस्त्याच्या कामावर चाकांवरचे पिंप असते, खाली जाळ, वर धुराडे. ते मोटारीमागे जोडलेले असेल तर अगदी कोळशाच्या गाडीसारखे वाटते. पण त्यापासून इंजिनाकडे नळ गेलेला नसतो. शेजारी खडी आणि रूळ दिसतो.

वाफेची गाडी. आपली शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, तेव्हा आपल्या भागातल्या मंडळींना वाफ नवी नाही. वाफेच्या गाडीत जाळ पाण्याखाली असतो आणि पाण्याची वाफ दट्ट्या ढकलते. तिला मोठे बॉयलर, धुराडे आणि पाण्याचा साठा लागतोच. कोळशाच्या मोटारीत पाणी उकळत नाही. तिचे इंजिन नेहमीचे पेट्रोलचे, फक्त त्याच्या तोंडी दुसरा घास. म्हणून समोरून पाहिले तर ती साधी शेवरोलेट किंवा फोर्डच दिसते.

टपावर गॅसची पिशवी. युरोपच्या जुन्या फोटोंत बसच्या टपावर गादीसारखी फुगलेली अवाढव्य पिशवी दिसते. तो शहरातील गॅस कंपनीचा तयार गॅस, पिशवीत भरून नेलेला. तिथे भट्टी नसते. गाडी गॅसवर चालते हे खरे, पण ती कोळशाची मोटार नव्हे.

पाण्याचे टँकर, आगीचे बंब, औषध फवारणीची गाडी. यांची पिंपे बहुधा आडवी असतात, रंग शाबूत असतो आणि नळाला तोटी किंवा रबरी पाईप असतो.

घरातला तांब्याचा बंब. हे हसण्यावारी नेऊ नका. लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर सामान चढवताना बंब गाडीला टेकवून ठेवलेला असला तर फोटोत तो मागचा भाग वाटतो. तो बांधलेला आहे की नुसता उभा आहे, हे सावलीवरून पाहावे.

वर्ष कसे ठरवावे?

गाडी कोळशाची आहे, पण केव्हाची? इथे 'याच्या आधीचा नाही' आणि 'याच्या नंतरचा नाही' अशा दोन कुंपणांनी काम करावे.

गाडीच्या तोंडावरचे चिन्ह भिंगाने पाहावे. शेवरोलेट गाड्या मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८ पासून जोडल्या जात, म्हणून त्या आपल्याकडे पुष्कळ. बेडफोर्ड हे नाव १९३१ पासूनचे. टेल्कोचे तारा असलेले टाटा-मर्सिडीझ ट्रक १९५४ पासून निघाले. अशोक लेलँड हे नाव १९५५ चे. त्यामुळे तारा दिसला की फोटो युद्धकाळचा नाही, मागे कितीही पिंपे असोत.

मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघाली. आपला विदर्भ मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. यवतमाळचे 'एम.एच. २९' हे नंबर १९८९ नंतरचे. म्हणजे गाडीवरचे नाव आणि नंबर वाचता आले तर निम्मे काम झाले. अक्षरे पुसट असली तरी दिसतात तेवढी उतरवून घ्यावीत, अंदाजाने पुरी करू नयेत.

युद्धाची आणखी एक निशाणी म्हणजे अंधारबंदी. हवाई हल्ल्याच्या भीतीने मोठ्या शहरांत दिव्यांवर झाकण घालून फक्त फट उघडी ठेवत आणि मडगार्डच्या कडा पांढऱ्या रंगवत. पुढच्या दिव्यांवर असे झाकण आणि मागे पिंप, हे दोन्ही एका फोटोत असले तर वर्षाविषयी फार शंका उरत नाही.

सुकाणू कोणत्या बाजूला आहे तेही पाहावे. आपल्याकडे ते उजवीकडे. फोटोत डावीकडे दिसले तर दोन शक्यता असतात. एक, काच किंवा फिल्म उलटी ठेवून फोटो छापला आहे. पाटीवरची अक्षरे उलटी असतील तर हे पक्के. दोन, गाडी अमेरिकन लष्कराची असून युद्धानंतर डिस्पोजलमध्ये विकलेली आहे.

तीन नमुने सोडवू या

नमुना पहिला. समजा, फोटोत सर्व्हिस मोटार आहे. मागच्या कोपऱ्यात उंच काळे पिंप, खिडक्यांखालून दंडाएवढा नळ, पुढच्या मडगार्डाशी लहान डबा आणि टपावर दहा-बारा पोती. भट्टी, नळ आणि गाळणी ही तीन ठिकाणे सापडली. थंड करणारे नळ पोटाखाली असतील, म्हणून दिसत नाहीत. निकाल: कोळशाची मोटार.

नमुना दुसरा. ट्रकमागे दोन चाकांवरचे पिंप, त्याला उंच धुराडे, धूर निघतो आहे. इंजिनाकडे नळ नाही. शेजारी टोपल्या घेतलेल्या बाया आणि खडीचा ढीग. निकाल: रस्त्याच्या कामावरची डांबराची भट्टी. इंग्लंडमध्ये गॅसच्या भट्टीचे गाडे बसमागे जोडत हे आपण वर पाहिले, पण तिथे जोडणारा नळ स्पष्ट दिसतो.

नमुना तिसरा. ट्रकच्या ड्रायव्हरमागे उभे पिंप, बाकी गाडी कापसाच्या बोऱ्यांनी झाकलेली. नळ दिसत नाही. समोर तारा. निकाल: तारा असल्यामुळे फोटो १९५४ किंवा नंतरचा. पिंप पाण्याचे किंवा तेलाचे असू शकते. कोळशाची मोटार म्हणू नये.

तिसऱ्या नमुन्यात घरच्यांचा आग्रह असतो, "आमचे आबा कोळशाची गाडी चालवायचे, मग हीच ती." आबांनी चालवली असेलही, त्यात खोटे काही नाही. पण त्या फोटोतली गाडी ती नव्हे. आबांची आठवण वेगळ्या कागदावर लिहावी, फोटोचा निकाल वेगळा लिहावा. दोन्ही जपण्यासारखे आहे.

या गॅसचे दुसरे तोंड

ज्या वायूवर गाडी चाले तोच वायू माणसाला मारी. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. आपले रक्त प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटीहून अधिक घट्ट धरते. हवेच्या हजार भागांत तीन भाग जरी तो मिसळला तरी अर्ध्या तासात माणूस दगावू शकतो. आधी डोके दुखते, मळमळते, पाय जड होतात, झोप येते. युरोपात युद्धकाळी बंद गॅरेजमध्ये भट्टी पेटवून कित्येक जण असे गेले. म्हणून फोटोत भट्टी पेटवतानाचे दृश्य असेल तर ते बहुधा उघड्यावरचे असते.

हे जुन्या काळापुरते नाही. आजही विहिरीतला गाळ काढताना किंवा पाणी उपसताना डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलचे इंजिन विहिरीत उतरवून चालवतात. त्याच्या धुरात हाच वायू असतो. तो तळाशी कोंडतो, एक माणूस खाली बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे हाही तोच प्रकार. सभासदांनी इंजिन विहिरीच्या काठावरच ठेवावे आणि पाईप खाली सोडावा. खाली कोणी पडला तर दोर न बांधता आणि वर माणसे न ठेवता उतरू नये. कोळशाच्या मोटारीच्या क्लीनरला जे माहीत होते ते आपल्या शेतगड्यांनाही माहीत असावे.

आणि आपले पाचट

आता उसाकडे वळू. एका एकरातून तीन ते चार टन पाचट निघते. तीन किलो वाळलेल्या लाकडाला एक लिटर पेट्रोल हा वरचा हिशोब कागदावर लावला तर एकरी हजार लिटरच्या पुढचे जळण आपण काडी लावून उडवतो. अर्थात हा कागदावरचाच हिशोब. पाचट हलके आणि फुगीर, पिंपात मावत नाही, सलग खाली सरकत नाही, आणि त्याची राख जास्त, ती वितळून गोळे होतात. युद्धकाळच्या त्या पिंपात पाचट चालले नसते.

पण विचार तिथे थांबला नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात उसाचे पाचट आणि बगॅस यांवर चालणारी गॅसची भट्टी तयार केली. तिचा गॅस कारखान्यातील उष्णतेच्या कामासाठी वापरण्याचा हेतू होता. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची पद्धत बसवली. तिला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. म्हणजे कोळशाच्या मोटारीमागची विद्या मेलेली नाही, ती आपल्या पिकाच्या दारात येऊन उभी आहे.

तोवर शेतकी खात्याचा सल्ला जुनाच आहे. पाचट जाळू नये. खोडव्यात सरीआड सरी पसरावे आणि कुजवावे. त्यात शेकडा अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि तीस टक्क्यांच्या वर सेंद्रिय कर्ब असतो. जाळले की नत्र आणि कर्ब दोन्ही हवेत जातात.

फोटो कसे जपावेत?

फोटो ओल्या फडक्याने पुसू नये. कडेला धरावा, मधे बोट लावू नये. मागे शाईने किंवा बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहावे: कोण, कुठे, केव्हा, आणि हे कोणी सांगितले. शेवटचा मुद्दा विसरू नये. मोबाईलवर फोटो घेताना सावलीत, सरळ वरून घ्यावा, आणि पाठीमागची बाजूही घ्यावी. स्टुडिओचा शिक्का पुष्कळदा तिथेच असतो. चौकटीत काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट राहू द्यावा.

दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, पुसद या बाजूच्या सभासदांच्या घरी असे फोटो असण्याचा संभव आहे. कोणाकडे असेल त्यांनी मूळ फोटो स्वतःजवळच ठेवावा आणि मोबाईलवरची नक्कल, दोन्ही बाजूंची, आपल्या गट ऑफिसात दाखवावी. वर सांगितलेल्या रीतीने गॅसची वाट आपण मिळून शोधू. घरात नव्वदीचे कोणी असतील तर फोटो आधी त्यांच्या हातात द्यावा, शेजारी बसावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. हे काम पुढच्या हंगामावर टाकू नये.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग